पेवाच्या तोंडाशी

आमच्या गावच्या शाळेत, हेडमास्तरांच्या खुर्चीमागं, माझ्या मायचा फोटो लावलेला आहे. फोटोत ती एका खड्ड्याच्या तोंडाशी उभी आहे. पदर कमरेला खोचलेला, पाय फाकलेले, हनुवटी वर. तिच्यासमोर शेरवानी आणि रुमी टोपी घातलेला एक साहेब आहे आणि त्यानं छडी उगारलेली आहे. मायचा डावा हात लांब गेलेला आहे. मनगटाच्या पुढं फोटो संपतो. खाली लाल रंगानं लिहिलंय, ‘आपल्या ज्वारीसाठी जुलमी सरकारला अडवणारी वीरमाता’.

झेंड्याच्या दिवशी त्या फोटोला हार घालतात. दोनदा मलाही बोलावलं. दुसऱ्या वेळी एका मास्तरांनी सगळ्या पोरांसमोर मला विचारलं, “आजी, त्यांनी ज्वारीसाठी जीव पणाला लावला, केवढी हिंमत, नाही का?”

मी म्हणाले, “ज्वारी तर दुसऱ्या दिवशी नेली की त्यांनी. सगळी.”

मास्तरांनी माइक माझ्यापुढून काढून घेतला. मग पोरांना लाडू वाटले. तिसऱ्या वेळी मला बोलावणं आलं नाही. म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवते. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन.

आमचं गाव औरादपासून दोन कोसांवर. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू अशी तऱ्हा. राज्य हैद्राबादचं होतं. लढाई चालू होती. ती कुठं चालू आहे हे गावात कोणालाच नीट माहीत नव्हतं, पण तिच्या नावानं सरकार आमची ज्वारी नेतं एवढं माहीत होतं. त्याला लेव्ही म्हणत. रान किती आहे ते बघून मागणी लावायचे, पीक किती आलं ते बघायचे नाहीत. म्हणून लोक पेवं लपवायचे. आमचं पेव गोठ्यामागं होतं. त्यावर माती टाकून, शेणानं सारवून अप्पांनी वर कडब्याची गंजी रचली होती. अप्पा म्हणजे माझे वडील.

पेव आता पोरांनी पाहिलेलं नसतं. जमिनीत रांजणाच्या आकाराचा खड्डा. तोंडातून एक माणूस कसाबसा उतरेल, पोट मात्र खोलीएवढं. आतून कडबा आणि भुसकट लावायचं, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा बसवायची. आत कोंडलेल्या ज्वारीची हवा बिघडते. आमच्याकडं तिला वाफ म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. माणूस उतरला की चार श्वासांत खाली बसतो आणि परत उठत नाही. म्हणून पेव उघडलं तरी त्या दिवशी कोणी उतरत नाही. एक दिवस, एक रात्र तोंड उघडं ठेवतात, घोंगड्यानं वारा घालतात आणि दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर पुन्हा वारा घालायचा.

माझे दोन मामा एका पेवात गेले होते. थोरला उतरला, पडला, आणि त्याला काढायला धाकटा उतरला. मायचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. तिनं दोघांना वर काढताना पाहिलं होतं. ती ह्याबद्दल कधी बोलायची नाही, पण पेव उघडायच्या दिवशी आम्हा पोरांना गोठ्याकडं फिरकू द्यायची नाही.

त्या दिवशी उन्हाळा चांगलाच तापलेला होता. दुपारच्या आधी साहेब आला. लेव्हीच्या वसुलीवरचा साहेब, जिल्ह्याहून आलेला, घोड्यावर. बरोबर पेशकार, म्हणजे त्याचा कारकून, चार जवान, आणि एक फोटोवाला. साहेबाला आपल्या वसुलीचे फोटो वर पाठवायचे होते. पोती रचलेली, मध्ये साहेब उभा, असे. फोटोवाल्याची पेटी आणि तीन पायांची घोडी गावच्या तराळाच्या डोक्यावर होती. तराळ वेशीबाहेर राहायचा. सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहायचं, त्याच्या घोड्याला पाणी पाजायचं, सांगेल ते करायचं, हे त्याचं काम. त्याचे पैसे मिळत नसत. आणि गावात पेव उघडायचं तर उतरायचाही तोच.

आमचं पेव कुठं आहे ते साहेबाला कोणी सांगितलं हे मला माहीत आहे. त्याची नातवंडं गावात आहेत, म्हणून लिहीत नाही.

जवानांनी कडबा ओढून फेकला, माती उकरली आणि शिळा सरकवली. गाव गोळा झालं. अप्पा हात जोडून एका बाजूला उभे राहिले. साहेबानं वाकून आत पाहिलं आणि छडीनं तराळाला खूण केली.

“उतरो.”

“जी सरकार,” तराळ म्हणाला. त्यानं कमरेला दोरी बांधायला घेतली. गाठ बसत नव्हती. पेवाची वाफ काय असते हे गावात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तो गाठ मारत होता.

माय चुलीपासून उठून आली. हाताला पीठ तसंच.

“आज कुनी उतरायचं न्हाई,” ती म्हणाली. “आत वाफ हाय.”

साहेबानं पेशकाराकडं पाहिलं. पेशकार शहरातला. मराठी त्याला कळायची, पण कचेरीत लागते तेवढीच.

“हुजूर, औरत बोलरी, अंदर भाप है.”

“भाप?” साहेब हसला. “नीचे क्या पक रहा है? बिर्याणी?”

जवान हसले. साहेब हसला म्हणून गावातलेही काही जण हसले. त्यातल्या निम्म्यांना वाफ म्हणजे काय हे पक्कं माहीत होतं. त्यांनी खाली बघून हसून घेतलं.

“तसली वाफ न्हाई हो,” माय म्हणाली. मग तिनं आपल्या मोडक्या उर्दूत सांगितलं, “आदमी मरता, साहेब. उतरा तो मरता.”

“गल्ला बचाने के लिए कहानी बनाती है,” साहेब पेशकाराला म्हणाला. गल्ला म्हणजे धान्य.

अप्पा पुढं आले. “अगं, सर की बाजूला. न्हेऊ दे त्यांला.”

“न्हेऊ द्या की! मी कुठं नगं म्हणायलेय? उद्या न्या म्हणायलेय.”

पेशकारानं ‘उद्या’ तेवढं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, कल तक तो रातोरात साफ कर देंगे. त्याच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. गावोगाव लोक तेच करत होते.

“मग तुमचे जवान बसवा हितं रातभर,” माय म्हणाली. “भाकरी मी घालते त्यांला.” आणि माझ्याकडं वळून ओरडली, “कंदील आण पेटवून. पळ.”

मी धावत गेले. चुलीतल्या काटकीनं कंदील पेटवला, काच बसवताना बोट भाजलं. भर उन्हात पेटलेला कंदील घेऊन आले तेव्हा जवान पुन्हा हसले. मायनं तो दोरीला बांधून पेवात सोडला. सगळे वाकले. हातभर उतरला तोवर ज्योत दिसत होती. आणखी हातभर गेला आणि ज्योत निळी झाली, बारीक झाली, गेली. कोणी फुंकल्यासारखी नाही, मिटल्यासारखी.

“तेल नहीं होगा,” साहेब म्हणाला.

मायनं कंदील वर ओढला आणि त्याच्या कानाशी हलवून दाखवला. तेल डुचमळलं. तिनं तो माझ्याकडं दिला, मी पुन्हा पेटवून आणला. पुन्हा सोडला. त्याच जागी पुन्हा विझला.

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मला वाटलं, आता संपलं, साहेबाला कळलं. त्याला कळलंच होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. पण गाव बघत होतं. एक शेतकऱ्याची बायको पिठाच्या हातानं त्याला शिकवत होती आणि तिचं खरं निघालं होतं. आता गोष्ट वाफेची राहिली नव्हती. हुकूम कोणाचा चालतो, एवढीच राहिली होती.

“उतरो,” तो तराळाला म्हणाला. आवाज चढवला नाही. त्यामुळं जास्त भीती वाटली.

तराळ पेवाच्या काठावर बसला. पाय आत सोडले. दोरीचं टोक एका जवानाच्या हातात होतं आणि तो जवान दुसरीकडं बघत होता.

“जाऊ नगंस,” माय म्हणाली.

“आक्का, न्हाई गेलो तरी मारतेत.” तराळ खाली बघूनच बोलला. “माझ्या लेकरांला तेवढं...”

तो दोन्ही हात काठावर टेकून अंग खाली सोडायला लागला. तेव्हा मायनं झेप घेतली आणि त्याचं मनगट धरलं.

आता कोणाला त्यात काय वाटेल? तेव्हा सगळ्या बायांनी एकदम श्वास ओढला. वेशीबाहेरच्या माणसाची सावलीसुद्धा आमच्या घरात टाळायचे. माझी आजी मागून किंचाळली, “शिवलीस की गं त्याला!” माय सोडेना. पाय फाकून उभी राहिली, सगळं वजन मागं टाकलं. तराळ अर्धा आत, अर्धा बाहेर, तिच्या हाताला लोंबकळत. साहेब दोन पावलं पुढं आला. “छोड!” त्यानं छडी उगारली.

तेवढ्यात मागून आवाज आला, “हिलो नक्को!”

फोटोवाला. काळ्या फडक्यात डोकं घालून उभा होता. सकाळपासून साहेबाच्या मागं मागं हिंडून त्यानं गावोगाव हेच दोन शब्द ओरडले होते. साहेबाला त्याची सवय पडली होती. छडी वर तशीच राहिली, साहेब पुतळ्यासारखा थांबला. जवान थांबले. आम्ही थांबलो. माय हलली नाही, कारण हलली असती तर माणूस खाली गेला असता. फोटोत ती जशी ताठ दिसते, त्याचं कारण हे आहे.

फोटोवाला फडक्यातून बाहेर आला. घामानं निथळत होता. साहेबाच्या तेव्हा ध्यानात आलं की बाईवर छडी उगारलेला फोटो निघाला. तो वर कसा पाठवणार? त्यानं हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “वो प्लेट तोड दो.”

“वो तो ऐसेच खराब हो गई, हुजूर,” फोटोवाला म्हणाला. “औरत हिल गई. फेकनाच है.” त्यानं ती काचेची प्लेट पेटीत टाकली आणि पेटी बंद केली. मग हात जोडून म्हणाला, “दूसरी लेतूं मैं. हुजूर बीच में, थैले दोनों बाजू. पर हुजूर, आदमी अंदर मर गया तो मय्यत का फोटो आता. वसूली का नहीं आता.”

साहेब त्याच्याकडं बघत राहिला. मायच्या दंडाची शीर ताणलेली होती आणि तराळाचा हात तिच्या पिठानं निसटत होता. तिनं दुसऱ्या हातानं त्याचा दंड धरला.

साहेबानं छडी खाली घेतली.

“कल सुबह,” तो म्हणाला.

दोन जवानांनी तराळाला काखेत धरून ओढून काढलं. तो काठावर पालथा पडून राहिला. त्याची छाती खालीवर होत होती. मी त्याचे श्वास मोजत होते.

पण हुकूम मोडला की कोणी तरी भोगायचं असतं. बाईला मारायचं तर फोटोवाला तिथंच होता. साहेबानं अप्पांना पुढं ओढलं. त्यांना चावडीपुढं उन्हात ओणवं केलं आणि पाठीवर पेवाच्या तोंडाचीच शिळा ठेवली. दोन जवानांना ती उचलावी लागली. ऊन कलेपर्यंत ते तसेच होते. माय चावडीपुढं बसून राहिली. मध्येच उठून तिनं त्यांच्या तोंडाला पाणी लावलं, जवानानं तांब्या उडवला, तिनं परत भरून आणला. अप्पा तिला एकच वाक्य बोलले, “बघून घे आता.” त्यांची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. पुढं फोटोचा विषय निघाला की ते म्हणायचे, “फोटो हिचा, पाठ माझी.” मायनं एका माणसाला वाचवलं, त्याची किंमत दुसऱ्यानं दिली, आणि त्या दुसऱ्याला तिनं विचारलं नव्हतं.

फोटो घरी आला तो राज्य गेल्यानंतर. औरादच्या बाजारात त्या फोटोवाल्यानं मायला ओळखलं आणि तळहाताएवढा कागद तिच्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. इतकी वर्षं प्लेट त्यानं पिठाच्या डब्यात ठेवली होती म्हणे. मायनं फोटो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाली, “लुगडं फाटलेलं दिसायलंय की.” त्या कागदावर तराळ होता. काठाशी त्याचं डोकं, खांदा, मायच्या मुठीतलं मनगट. पुढं गावकऱ्यांनी शाळेसाठी तो मोठा करून घेतला तेव्हा त्याला कापलं. अर्धाच माणूस दिसतो, बरं दिसत नाही, असं कारण दिलं. माय तेव्हा नव्हती. मी होते, आणि मी काही बोलले नाही. तेव्हा बोलायला पाहिजे होतं.

तर दुसऱ्या दिवशीची सकाळ. पेवापाशी जवान बसून होते. मायनं त्यांना खरंच भाकरी घातली होती. आदल्या संध्याकाळी आजीनं मायला घरात घ्यायच्या आधी आंघोळ करायला लावली होती. माय म्हणाली, “आंघोळ काय, रोजच करते,” आणि केली. उजाडल्यापासून ती घोंगड्यानं पेवात वारा घालत होती. साहेब आला तेव्हा तिचे केस सुटलेले होते आणि दम लागलेला होता.

तराळ आला. त्याच्याबरोबर त्याची बायको आणि तीन लेकरं आली आणि लांब उभी राहिली.

मायनं कंदील सोडला. हातभर. दोन हात. ज्योत बारीक झाली. माय दोरी तशीच धरून राहिली. ज्योत तेवढीच राहिली, मग थोडी मोठी झाली. तिनं आणखी सोडला, पार ज्वारीला टेकेपर्यंत. खालून पिवळा उजेड येत राहिला.

“उतरो,” साहेब म्हणाला.

तराळानं मायकडं पाहिलं. साहेबाकडं नाही. मायनं मान हलवली. त्यानं दोरी बांधली. ह्या वेळी दोरीचं टोक मायनं जवानाकडून मागून घेतलं, काठाला पाय रेटून बसली. तो आत गेला. त्याचं डोकं दिसेनासं झालं.

खालून काहीच आवाज नाही. पेवाच्या तोंडातून फक्त उजेड.

“ए, बोल की,” माय म्हणाली.

काही नाही. तराळाची बायको दोन पावलं पुढं आली. जवानानं तिला थांबवलं.

“कामून बोलंना झालास? ओढू का वर?”

“थांबा वो, आक्का,” खालून आवाज आला. पोकळ, घागरीतून आल्यासारखा. “डोळे लावून बसलोय. ज्वारी गरम लागायलीय बुडाला.”

“हसायलास व्हय रे मेल्या!” माय ओरडली. मग सगळेच हसले, जवानसुद्धा.

त्यानं टोपल्या भरून वर दिल्या. दुपारपर्यंत पेव रिकामं झालं. पोती शिवली, रचली, साहेब मध्ये उभा राहिला, फोटोवाला ओरडला, हिलो नक्को, आणि फोटो निघाला. मग गाड्या जुंपल्या. आमच्यासाठी पेवाच्या कडेची बुरसलेली ज्वारी राहिली. तिच्या भाकरीला जो वास यायचा तो मला अजून आठवतो. ती सुद्धा निम्मी तराळाची. पेवात उतरणाऱ्याला ती द्यायची रीत होती आणि मायनं ती मोडली नाही.

तराळ शेवटी वर आला तेव्हा अंगभर भुसकट चिकटलेलं होतं. काठापासून लांब जाऊन बसला आणि पाणी मागितलं. मायनं तांब्या आणला. तो ओंजळ करून बसला आणि तिनं वरून पाणी ओतलं, तांब्या ओंजळीला लागणार नाही इतक्या उंचीवरून, नेहमी ओतायची तसं. मी पोर होते तरी मला ते खटकलं. काल जे मनगट तिनं धरून ठेवलं होतं, त्यावर तिच्या बोटांचे निळे वण उमटले होते. त्याच ओंजळीवर ती अंतर राखून पाणी ओतत होती. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि त्यालाही नाही.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं हात झटकला, तोंड वाकडं केलं.

“आक्का, लई जोरात धरलाव वो. दुखायलंय.”

“दुखू दे,” माय म्हणाली, आणि तांब्या घेऊन चुलीकडं गेली.